काळी एकची शिस्त

मी तबलजी. कॉलेजच्या कागदावर 'तबला साथीदार, तासिका तत्त्वावर' असं लिहिलेलं असते. त्याचा अर्थ एवढाच, की दर जुलैत संगीत विभागाच्या प्रमुखानं सही केली तर मी आहे, नाई केली तर नाई. बावीस वर्षं सही होऊन राह्यली. शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळे मले अण्णाजी म्हणतात, सर कोणी म्हणत नाई. बरंच आहे. ज्यांले सर म्हणतात त्यांचं गाणं मी रोज ऐकतो.

वर्ध्यात संगीत घेऊन बी.ए. करता येते, हे अर्ध्या वर्ध्याले ठाऊक नाई आणि उरलेल्या अर्ध्याले त्याचं काही पडलेलं नाई. बारावीत टक्के कमी पडले की पोरं आमच्याकडे येतात. "गाणंच तर आहे, त्यात काय," म्हणून बाप फॉर्म भरून देते. मंग तीन वर्षं वह्या भरतात. रागाची माहिती लिहा, पाच गुण. तानपुऱ्याचं चित्र काढून भागांची नावं द्या, पाच गुण. ज्या पोराले तानपुऱ्याचं चित्र नंबर एक काढता येते, त्यानं तानपुऱ्याले हात लावलेला नसते, कारण आमचा तानपुरा मोबाईलमध्ये आहे. मधातच कोणाच्या मामाचा फोन आला की सा बंद आणि "हा बोल" सुरू.

तानाही वहीतूनच. सर आठ ताना फळ्यावर लिहून देतात, पोरं पाढ्यासारख्या घोकतात. गाता गाता तान विसरली की पोरगं छताकडे पाहते, जसं काही तिथं चिटकवून ठेवली आहे. आणि मी? मी तीनताल वाजवतो. पोरगं समेवर आलं तर बरं, नाई आलं तर मी सम उचलून त्याच्या पायापाशी नेऊन ठेवतो. बावीस वर्षं हाच धंदा.

आमचे प्रमुख म्हणजे डॉक्टर कैलास झाडे. साडेचारशे पानांचा प्रबंध लिहिला, पण चार मिनिटं गाऊन दाखवा म्हटलं की त्यांचा घसा बसलेला असते. त्यांचा सूर काळी एक. पेटीवरची पहिली काळी पट्टी. पुरुषमाणसाच्या गळ्याले ती बरी पडते. बायकांचा सा असते काळी चार, फार तर काळी पाच. हे काही गुपित नाई. ज्याच्या त्याच्या पायाची चप्पल वेगळी, तसा ज्याच्या त्याच्या गळ्याचा सा वेगळा. पोरीनं काळी एक धरली की तिचा सा चांगलाच वर जाते. खालचं गाणं जमते कसंबसं, पण अंतरा आला, वरचा सा लावायची वेळ आली, की गाणं संपते आणि किंचाळणं सुरू होते.

आमच्या वर्गात सगळे काळी एकमध्येच गातात. पोरं, पोरी, सगळे. काऊन? तर सरांचा सूर तो, आणि विभागात धड तबला एकच, तोही काळी एकचा. तबल्याले हातोडीनं ठोकून अर्धा सूर इकडेतिकडे करता येते, काळी एकच्या तबल्याची काळी चार होत नाई. काळी चारचा दुसरा तबला होता, त्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, आठ वर्षांपासून फाटलेली आहे आणि तो लोखंडी कपाटात पडला आहे. त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव म्हणे गेला आहे. कुठं गेला, देव जाणे.

बरं, ही अडचण आहे असं तरी म्हणावं ना माणसानं! नाई. सरांनी त्याचा सिद्धांत केला. 'एकस्वर अध्यापन पद्धती' नावाचा शोधनिबंध लिहिला, कुठल्याशा राष्ट्रीय परिषदेत वाचला, गळ्यात शाल घालून फोटो काढला आणि तो फोटो विभागात लावला. एक वर्ग, एक स्वर, एक शिस्त. त्या फोटोखाली बसून तीन वर्षं पोरी किंचाळतात, गळा बसवून घेतात आणि मंग बी.ए. होतात.

नंदिनी धोटे त्यातलीच एक. अल्लीपूरची. रोज एसटीनं यायची, जायची. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा एकदा नळावर पाण्याची बाटली भरता भरता गुणगुणत होती. मी बाजूले हात धुऊन राह्यलो होतो. हात धुवायचेच विसरलो मी. असा सरळ, भरलेला आवाज, कुठं जोर नाई, कुठं खोट नाई. ती तेव्हा काळी चारमध्ये गुणगुणत होती. तिले ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या कानाले ठाऊक होतं.

मंग वर्गात बसली आणि काळी एक सुरू झाली.

दुसऱ्या वर्षी तिचा आवाज फाटायले लागला. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बोलतानाही घरघर यायची. पोरी हसायच्या, स्वीटी नावाची एक तिले "काय दादा" म्हणायची. नंदिनी हसण्यावारी न्यायची, पण गाण्याच्या तासाले तिचा चेहरा पाहवत नव्हता. जानेवारीत ती घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नळी टाकून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी धरून राह्यल्या आहेत. असंच ओरडत राहिली तर आवाज जाईन. आपल्या सुरात, सांभाळून गायली तर वाचते. आणि परीक्षा झाली की पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाई.

तिची माय शकुबाई कॉलेजात आलती. शेतातून सरळ आली असन, पायाले माती होती. विभागाच्या दारात चप्पल काढून उभी राह्यली. सर आत होते, मी तबला पुसत होतो.

"सर, पोरगी घरी बोलत नाई जी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणते तिचा सूर वेगळा आहे. तिच्या सुरात घ्या ना तिले."

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता प्रबंधातलं पान येणार. "ताई, संगीत ही साधना आहे. गळा तापवावा लागतो. आज एकीला सूर बदलून दिला तर उद्या चौदा विद्यार्थी चौदा सूर मागतील. आणि तबला एकच आहे. तबल्याविना परीक्षा होत नाही. आता तुमच्या मुलीसाठी नियम बदलू का मी?"

शकुबाईले त्यातलं काय कळलं असन! ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही तबल्यावाले ना? तुम्हाले तर ठाऊक असन. काही रस्ता नाई का?"

सर माझ्याकडे पाहत होते. मी पाहत होतो तबल्याकडे.

"सर म्हणतात ते बरोबर आहे, बाई," मी म्हणलं.

ती चप्पल घालून गेली. मी तबला पुसत राह्यलो. आधीच स्वच्छ होता तो.

चार दिवसांनी नंदिनी स्वतःच आली. मी सायकलचं कुलूप काढून राह्यलो होतो. "अण्णाजी, तुमच्या घरी काळी चारचा तबला आहे म्हणते. धम्मदीपनं पाहिला. परीक्षेच्या दिवशी तेवढा आणजा ना."

धम्मदीप आमच्याच वर्गातला, बोरगाव मेघेले ऑर्केस्ट्रात गाते, माझ्याकडे तबल्याच्या वाद्या ओढून घ्यायले यायचा. त्यानं पाहिलेला तबला सिंदी मेघेले माझ्या घरी दिवाणाखाली होता. एकदम ठणठणीत. जागरणाच्या कार्यक्रमात मी तोच वाजवतो.

"त्याची पुडी गेली, नंदा," मी म्हणलं.

"केव्हा?"

"आत्ताच, मागच्या हप्त्यात."

तिनं मान हलवली. तिले खोटं वाटलं नाई, हेच तर वाईट. आता कोणी म्हणन, एवढा सगळ्यांवर तोंडसुख घेऊन राह्यला, तर तुले काय धाड भरली होती? भरली होती जुलैची. तबला आणला असता तर सर म्हणाले असते, अण्णाजीले फार कळायले लागलं. बस, एवढ्यावर सही अडली असती. चौपन्नाव्या वर्षी मी कोणाच्या दारात डग्गा घेऊन उभा राहू?

एप्रिलात परीक्षा आली. आमच्याकडे गाण्याची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे अर्धं लग्न असते. बाहेरच्या परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांले शाल, श्रीफळ, फोटो, मंग तर्री-पोहे. सरांचं सगळं लक्ष दुपारच्या जेवणावर. चौदा पोरं एक वाजायच्या आत उरकायची होती. कूलर बंद केला होता, कारण कूलर चालू असला की तोच सगळ्यांपेक्षा सुरात वाटते. घामानं माझी बोटं पुडीवर चिकटून राह्यली होती.

अभ्यासक्रमात सहा राग, त्यातला एक आपल्या पसंतीचा. पसंती चौदातल्या तेरा जणांची एकच, बिहाग. कारण सरांनी ताना बिहागच्याच लिहून दिल्या होत्या. रात्रीचा राग, पण आमच्याकडे तो सकाळी अकराले, पोहे पचायच्या आत गातात. एकामागून एक बिहाग आले आणि गेले. तेच आलाप, त्याच ताना, त्याच ठिकाणी छताकडे पाहणं. स्वीटीनं वरचा सा असा लावला, की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. सर म्हणाले, "काय फेक आहे आवाजाची!" परीक्षकबाई बिचाऱ्या मोबाईल पाहत होत्या. त्यांचा तरी काय दोष म्हणा.

शेवटी नंदिनीचा नंबर आला.

ती बसली. पेटीवर रजत होता, तिच्याच वर्गातला. सरांनी मोबाईलवरचा तानपुरा काळी एकचा लावून टेबलावर ठेवला. नंदिनीनं हात जोडले आणि घरघरत्या आवाजात रजतले म्हणाली, "काळी चार दे."

रजतनं सरांकडे पाहिलं.

"काळी एक," सर म्हणाले. "तबला काळी एकचा आहे. इतकं समजत नाही? बिहाग ना?"

"मालकंस, सर."

"मालकंस का होईना. तबला आहे तो आहे."

"तबला तसाच राहू द्या ना, सर," ती म्हणाली. "माझा सा काळी चार. काळी एक माझा मध्यम होते. मालकंसात पंचम नसते, म्हणून तानपुरा मध्यमात मिळवतात, तबलाही मध्यमाचा चालते. तुम्हीच लिहून दिलं. पाच गुणांचं उत्तर आहे."

खरंच होतं ते. दर वर्षी सप्टेंबरात सर ते उत्तर लिहून देतात. दर वर्षी चौदा-पंधरा पोरं ते वहीत उतरवतात. पेपरात लिहितात, पाच पैकी पाच घेतात. कोणी कधी पेटीपुढे बसून पट्ट्या मोजल्या नाईत. या पोरीनं मोजल्या. तिले बोलायचा त्रास होता, गायची भीती होती, म्हणून ती बोटानं मोजत बसली असन.

सरांले कळलंच नव्हतं, हे मले दिसलं. डॉक्टर माणूस, मनातल्या मनात बोटं मोजत होता. परीक्षकबाईंनी मात्र मोबाईल उलटा ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी समोर पाहिलं.

"बरोबर बोलते आहे ती," बाई म्हणाल्या. "तो तानपुरा काळी चारचा करा, मध्यमाचा. गा, बेटा."

"हो, हो," सर लगेच म्हणाले. "मी हेच शिकवतो."

नंदिनीनं सा लावला. आवाज फुटलेला होता, त्यात घरघर होती, पण सा आपल्या जागी बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती पोरगी जमिनीवर बसून गात होती. मी ठेका धरला. तबल्याच्या काठावरच्या चाटेतून मध्यम निघत होता आणि ती त्या मध्यमावर येऊन थांबायची, श्वास घ्यायची, पुढं जायची. पाठ केलेली एक तान नाई. अंतरा आला तसा माझा जीव खालीवर झाला. आता फाटते, आता फाटते. वरचा सा तिनं हळूच लावला, ओरडली नाई, आणि तो टिकला. नळावर ऐकलेला आवाज होता तो. जखमी होता, पण तोच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम समजून मी ते बाहीनं पुसलं.

आणि आता खरं सांगून टाकतो. मले ठाऊक होतं. तबलजीले हे ठाऊक नसन का? मालकंसात मध्यमाले मिळवलेला तबला मी विसाव्या वर्षापासून वाजवतो. काळी चारचा मध्यम काळी एक होते, हे मले झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शकुबाई दारात उभी राहून "काही रस्ता नाई का" म्हणत होती, तेव्हा तो रस्ता माझ्या मांडीवर होता. मी त्याच्यावर फडकं फिरवत होतो. तबला आणायचा नव्हता, सरांच्या विरोधात जायचं नव्हतं, नुसतं कानात एक वाक्य सांगायचं होतं. तेही नाई सांगितलं.

परीक्षा संपली. जेवणात सरांनी परीक्षकबाईंले दोनदा सांगितलं, की मध्यम-केंद्री साथसंगत हा त्यांच्या पुढच्या शोधनिबंधाचा विषय आहे. गुण नंतर आले. पहिली आली स्वीटी, कारण कॉलेजातले गुण सरांच्या हातात, आणि सरांले आवाजाची फेक आवडते. नंदिनी पाचवी. पुढच्या वर्षीच्या पोरी जुलैपासून काळी एकमध्येच किंचाळणार आहेत, तबला एकच आहे ना. माझीही सही होईनच.

परीक्षेच्या आठव्या दिवशी नंदिनी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायले आली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं बोलणं बंद केलं होतं. ग्रंथपालाशी इशाऱ्यानं, पोरींशी मोबाईलवर लिहून. गेटजवळ मी दिसलो तशी धावत आली. नमस्कार केला. मोबाईलवर काहीतरी लांबलचक लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"चष्मा घरी राह्यला, नंदा," मी म्हणलं. हे मात्र खरं होतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं, जसं काही डॉक्टर आसपासच असन. मंग हळूच बोलली. वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा आवाज.

"डॉक्टर म्हणते गाठी कमी होऊन राह्यल्या. आवाज वाचते आता."

"बोलू नको, बाई," मी म्हणलं. "जा घरी."

"एकच सांगते. त्या दिवशी तुम्ही साथ दिली, नाई तर सरांनी गाऊ दिलं नसतं." ती खोकली. "तुम्हाले ते मध्यमाचं ठाऊक नव्हतं ना, अण्णाजी? मायले मी तेच म्हणलं. अण्णाजीले ठाऊक असतं तर त्यांनी तुले सांगितलंच असतं."

ठाऊक होतं म्हणलं असतं तर तिच्या नजरेतून उतरलो असतो. साऱ्या कॉलेजले मी अडाणी म्हणत आलो, आणि त्या पोरीपुढे अडाणी होणं मले सोपं वाटलं.

"नाई," मी म्हणलं. "नव्हतं ठाऊक."

तिचा चेहरा उजळला. "सोपं आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या पोरींले तुम्हीच सांगजा. मी मोजून दाखवते."

"राहू दे, नंदा. घसा..."

"दोन मिनिटं." तिनं दोन्ही हातांची बोटं पसरली आणि एकेक मिटत गेली. "काळी चार, हा माझा सा. मंग एक पांढरी. मंग काळी पाच. मंग पांढरी. अजून एक पांढरी." प्रत्येक शब्दाले तिचा आवाज तुटत होता, ती घोट गिळत होती आणि पुढचा शब्द काढत होती. "आणि मंग काळी एक. तो मध्यम. आता तुम्ही म्हणा."

मी माझी बोटं पसरली. काळी चार, पांढरी, काळी पाच, पांढरी, पांढरी, काळी एक.

"समजलं? का पुन्हा सांगू?"

"नाई नाई," मी म्हणलं. "समजलं."

तिनं खूश होऊन मान हलवली, घशावर हात धरला आणि अल्लीपूरच्या गाडीसाठी निघून गेली.